प्लॅस्टिक शल्यविशारद कसा घडतो

‘प्लॅस्टिक सर्जरी’ हे शब्द आता खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेले नाहीत. मात्र ज्या अर्थाने ते उच्चारले जातात तो अर्थ बहुधा चुकीचा असतो. भाजलेल्या मुलीच्या खाटेशी बसलेले वडील डॉक्टरांना भीतभीतच विचारतात, ‘साहेब, हे प्लॅस्टिक अंगात टिकेल ना? उन्हाने काही होणार नाही ना?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कारण सुशिक्षितांच्या मनातही या शास्त्राविषयी दुसऱ्या प्रकारचा, पण तेवढाच मोठा गैरसमज असतो. त्यांना ही विद्या चित्रपटसृष्टीतील मंडळींच्या नाकाडोळ्यांपुरती वाटते.

‘प्लॅस्टिक’ हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. कारखान्यातील प्लॅस्टिक जन्मास येण्याच्या कितीतरी आधी या शस्त्रक्रियेला हे नाव मिळालेले होते. मराठीत तिला सुघटन शस्त्रक्रिया म्हणता येईल. शरीराचा जो भाग जन्मतः अपुरा राहिला, अपघाताने तुटला, आगीने जळला, कर्करोगामुळे काढून टाकावा लागला किंवा कुष्ठरोगाने लुळा पडला, तो रुग्णाच्याच कातडीने, स्नायूने, हाडाने व शिरांनी पुन्हा घडविणे हे तिचे काम. शासकीय रुग्णालयातील या विभागाचा कक्ष पाहिला तर तेथे स्टोव्हच्या भडक्यात सापडलेली सून, आंघोळीच्या कढत पाण्याने पोळलेले दोन वर्षांचे मूल, विजेच्या तारेला हात लागलेला तारतंत्री, कडबाकुट्टी यंत्रात बोटे गेलेला शेतकरी आणि दुभंगलेल्या ओठाचे तान्हे बाळ यांचीच गर्दी दिसते. सौंदर्यशस्त्रक्रिया हाही या विद्येचा एक रास्त भाग आहे. पण तो एक भाग आहे.

असा शल्यविशारद कसा तयार होतो, हा या व्याख्यानाचा विषय. तो केवळ वैद्यकीय महाविद्यालयांच्या भिंतींआडचा विषय नाही. ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळेतील शिक्षक आणि तालुक्याचा अधिकारी यांचाही त्याच्याशी संबंध कसा येतो, हे पुढील विवेचनात ओघाने येईलच.

शल्यविद्या शिकविण्याची चिंता आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी वाहिलेली आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक व कानाची पाळी नव्याने घडविण्याचे विधी आहेत, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचा असा नववा अध्याय मात्र सहसा कोणी उघडत नाही. त्या अध्यायात विद्यार्थ्याने जिवंत माणसावर शस्त्र चालविण्यापूर्वी हात कसा बसवावा, याचे तपशील दिले आहेत. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा. पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर भेद करावा. केस असलेल्या ताणलेल्या चामड्यावर खरवडण्याची क्रिया शिकावी. मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेध घ्यावा. कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडांवर टाके घालावेत. पुतळ्याच्या अवयवांवर पट्ट्या बांधाव्यात. ग्रंथपठण झालेले असले तरी हा सराव केल्यावाचून विद्यार्थी कर्मास पात्र होत नाही, असा तेथील रोख आहे. आजच्या प्रशिक्षणाशी त्याचे किती जवळचे नाते आहे, ते पुढे दिसेल.

ही विद्या पुढे ग्रंथांतून सरली आणि काही घराण्यांच्या हातांत उरली. तिचा प्रख्यात पुरावा पुण्याजवळचा आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तो वृत्तांत छापून आला, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे त्यात नमूद केले होते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याचे माप घ्यावयाचे, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवून रेघ आखावयाची, त्या रेघेने कातडी सोडवून दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी तेवढी जोडलेली ठेवावयाची, आणि ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची, अशी ती रीत होती. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली जाई. त्या पट्टीतून रक्त येत राहते म्हणून नवे नाक जगते, हे त्या कारागिरास पुस्तकाविना ठाऊक होते.

त्या कारागिराचे नाव मात्र वृत्तांतात नाही. त्याच्या हाताखाली कोणी शिकले की नाही, हेही त्यात आलेले नाही. उलट लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तो वृत्तांत वाचून वर्षानुवर्षे मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर युरोपात या शस्त्रक्रियेला ‘भारतीय पद्धत’ असे नाव मिळाले. कौशल्य आपल्याकडे होते. ते दुसऱ्यास शिकविण्याची व लिहून ठेवण्याची व्यवस्था मात्र तिकडे होती.

निवासी डॉक्टर ही अशीच एक व्यवस्था. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ पासून विल्यम हॉलस्टेड यांनी ती शल्यचिकित्सेत रूढ केली. शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहावयाचा, म्हणून तो ‘निवासी’. वर्षागणिक त्याच्यावर अधिकाधिक जबाबदारी टाकावयाची आणि अखेरीस तो स्वतंत्रपणे निर्णय घेऊ लागेल इतके त्याला तयार करावयाचे, हे तिचे सूत्र. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेले हजारो सैनिक इंग्लंडमध्ये येऊ लागले तेव्हा हॅरल्ड गिलीज यांनी सिडकप येथील रुग्णालयात त्यांच्यावर उपचार केले, आणि त्याच कामातून एक नवी विद्याशाखा व तिचे शिष्य तयार झाले.

स्वातंत्र्यानंतर ही शाखा आपल्या देशात रुजली त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातील अगदी सुरुवातीच्या स्वतंत्र विभागांपैकी एक उभा केला. दुभंगलेल्या ओठाचे व टाळूचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून शिकविले जाते. मुंबईस डॉ. चार्ल्स पिंटो यांनी दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेत आपली शिष्यपरंपरा निर्माण केली. गिलीज यांच्याकडे शिकून परतलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात हातापायांच्या व चेहऱ्याच्या विकृतींवर काम केले आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील विभाग नावारूपास आणला. ज्या रुग्णाला स्पर्श करण्यास समाज धजत नव्हता, त्याचा हात टेबलावर घेऊन शिष्यांना शिकविणे हा तेथील पहिला धडा होता.

आजच्या शिक्षणक्रमाचा हिशेब थोडक्यात असा. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष, सामान्य शल्यचिकित्सेतील एम.एस. पदवीची तीन वर्षे आणि त्यानंतर प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. पदवीची तीन वर्षे. एकूण साडेअकरा वर्षे झाली. या शेवटच्या टप्प्याचा प्रवेश २०१७ पासून राष्ट्रीय पातळीवरील सामाईक परीक्षेद्वारे होतो. मान्यताप्राप्त रुग्णालयांतून राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.आर.एन.बी. ही समकक्ष अर्हताही मिळविता येते, ती एम.एस.नंतर तीन वर्षांची किंवा एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांची असते. मध्ये एकही वर्ष न दवडता शिकलेला डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा तिशीच्या आसपास पोहोचलेला असतो.

एम.सीएच.च्या पहिल्या वर्षी तो शस्त्रक्रियागृहात कमी आणि दाहकक्षात अधिक असतो. दाहकक्ष म्हणजे भाजलेल्या रुग्णांचा कक्ष. केंद्र शासनाच्या दाहविषयक कार्यक्रमातील अंदाजाप्रमाणे देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोकांना भाजण्याच्या दुखापती होतात व सुमारे १ लाख ४० हजार लोक त्यात दगावतात. हे आकडे निवासी डॉक्टरासमोर एकेका खाटेच्या रूपाने येतात.

तेथे पहिला धडा चाकूचा नसतो, गणिताचा असतो. समजा, पन्नास किलो वजनाची स्त्री चाळीस टक्के भाजून आली आहे. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का, या मापाने भाजलेला भाग मोजावयाचा. प्रत्येक किलो वजनामागे व प्रत्येक टक्क्यामागे चार मिलिलिटर या सूत्राने तिला पहिल्या चोवीस तासांत आठ लिटर रिंगर लॅक्टेट शिरेतून द्यावे लागेल, आणि त्यातील निम्मे, म्हणजे चार लिटर, पहिल्या आठ तासांत. मेख पुढेच आहे. हे आठ तास रुग्णालयात दाखल झाल्यापासून मोजावयाचे नसतात. ते भाजल्याच्या क्षणापासून मोजावयाचे असतात. ती स्त्री गावाहून निघून तीन तासांनी पोहोचली आणि वाटेत तिला काहीच मिळाले नसेल, तर ते चार लिटर उरलेल्या पाच तासांत जावयास हवेत. म्हणूनच निवासी डॉक्टर नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतो तो ‘कसे भाजले?’ हा नव्हे, तर ‘किती वाजता भाजले?’ हा. पुष्कळदा त्याला उत्तर मिळते : ‘दिवेलागणीला.’

सूत्र पाठ केले म्हणजे काम झाले असेही नाही. ताशी लघवी तीस ते पन्नास मिलिलिटर होते की नाही हे पाहून द्रवाचे प्रमाण कमीअधिक करावे लागते. अधिक द्रव गेला तर सूज वाढते, फुप्फुसे भरतात; कमी गेला तर मूत्रपिंडे बंद पडतात. या दोहोंमधील वाट रात्रभर खाटेशी बसूनच सापडते.

दाहकक्षातील निवासी डॉक्टराला आणखी एक जबाबदारी पार पाडावी लागते. तिचा उल्लेख वैद्यकीय पाठ्यपुस्तकात थोडका व प्रत्यक्षात मोठा असतो. गंभीर भाजलेल्या रुग्णाची जबानी घेण्यासाठी दंडाधिकारी येतात, तेव्हा रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे व बोलण्यास समर्थ आहे, असा दाखला डॉक्टराने द्यावयाचा असतो. भोवती सासरची व माहेरची मंडळी उभी असतात. सर्वांना बाहेर काढून, त्या स्त्रीला धीर देऊन, वेदनाशामक औषधाच्या वेळेचा विचार करून तो दाखला द्यावा लागतो. तिशीच्या आतल्या डॉक्टराला हे कोणी व्याख्यानातून शिकवू शकत नाही. वरिष्ठ डॉक्टर शेजारी उभे राहिले तर तो शिकतो. न राहिले तर चुकतो, आणि ती चूक न्यायालयापर्यंत जाते.

पूर्वी जळलेली कातडी आपोआप सुटून येईपर्यंत तीन-तीन आठवडे वाट पाहण्याची पद्धत होती. १९७० साली आजच्या स्लोव्हेनियातील डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी मृत थर पहिल्या काही दिवसांतच तासून लगेच कातडीरोपण करण्याचे फायदे दाखवून दिले, आणि उपचारांची दिशा बदलली. निवासी डॉक्टर हे तासणे शिकतो तेव्हा किती खोल जावयाचे हे त्याला मोजपट्टी सांगत नाही. बारीक रक्तबिंदू उमटू लागले म्हणजे जिवंत थर लागला, एवढीच खूण असते. मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढणे हेही हाताचेच काम. तो फार पातळ निघाला तर आकसतो, फार जाड निघाला तर मांडीवर नवी जखम होऊन बसते.

मात्र या साऱ्याहून अवघड धडा उशीचा आहे. मान भाजलेल्या रुग्णाला उशी दिली की त्याला आराम वाटतो. नातेवाईक मायेने ती देतात. जखम भरते ती हनुवटी छातीकडे ओढून घेऊन. काही महिन्यांनी तो रुग्ण परत येतो तेव्हा त्याला मान वर करता येत नाही, ओठ मिटत नाहीत, लाळ गळते. ती कातडी सोडवून नवी लावण्याची मोठी शस्त्रक्रिया मग करावी लागते, आणि तिची नोंद निवासी डॉक्टराच्या कामाच्या वहीत शिक्षणातील एक कमाई म्हणून होते. खरे पाहता ती कोणाच्या तरी हयगयीची नोंद असते. मान मागे झुकलेली ठेवणे, काखेत हात पसरलेला ठेवणे, बोटांना फळी बांधणे, भौतिकोपचारतज्ज्ञाबरोबर रोज व्यायाम करून घेणे या कामांना टाळ्या मिळत नाहीत. चांगला विभागप्रमुख शिकाऊ डॉक्टराला शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी ही कामे करावयास लावतो. परीक्षेत त्यांना गुण थोडे मिळतात, ही या अभ्यासक्रमातील उणीवच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या वर्षी हात खऱ्या अर्थाने घडू लागतो. एका जागची कातडी रक्तपुरवठ्यासह दुसऱ्या जागी फिरविण्याचा बेत आधी कापडाच्या तुकड्यावर करावयाचा असतो. तुकडा जखमेच्या आकाराचा कापून, तो उलट्या क्रमाने मूळ जागेपर्यंत नेऊन पुरतो की नाही हे पाहावयाचे. पुण्याच्या त्या कारागिराच्या मेणाच्या पत्र्याची ही पुढची आवृत्तीच होय. आखडलेला व्रण नागमोडी छेदाने लांब करण्याची युक्ती विद्यार्थी प्रथम कागदावर कात्री चालवून शिकतात. साठ अंशांचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी बसविले की भूमितीप्रमाणे लांबी पाऊणपट वाढते. कागदावर ती तेवढी वाढते. कातडीवर ती किती वाढेल हे त्या रुग्णाच्या कातडीवर अवलंबून असते, आणि शिक्षण तेथूनच सुरू होते.

सूक्ष्मशस्त्रक्रियेचा सराव पाहिला तर सुश्रुताच्या नवव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बोटातील रोहिणी सुमारे एक मिलिमीटर जाडीची असते. तिला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक धाग्याने सहा-आठ टाके घालून जोडावयाचे असते. १९६५ मध्ये जपानमध्ये डॉ. कोमात्सु व डॉ. तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा अशा रीतीने पुन्हा जोडला आणि जगभर या विद्येचा प्रसार झाला. आजचा निवासी डॉक्टर आधी रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर टाके घालतो, मग बारीक नळीवर, मग खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतील शिरेवर. हात कापतो, श्वासाची लय चुकते, धागा सापडत नाही. सकाळचा चहा कॉफी त्या दिवसापुरती सोडणारेही असतात. असे शेकडो टाके वाया गेल्यानंतर त्याला रुग्णाच्या शिरेला हात लावू दिला जातो.

शस्त्रक्रिया सात-आठ तास चालते. वरिष्ठ घरी जातात. निवासी डॉक्टराची रात्र त्यानंतर सुरू होते. जोडलेला भाग त्याने तासातासाला पाहावयाचा असतो. तो पांढरा पडला तर रक्त आत येत नाही, निळा पडला तर बाहेर जात नाही. बोटाने दाबून सोडले की रंग किती वेळात परत येतो, सुईच्या टोचण्याने येणारे रक्त तांबडे आहे की काळपट, हे तो पाहत राहतो. संशय आला तर पहाटे तीन वाजता वरिष्ठांना उठवावयाचे असते. व्यर्थ उठविल्याबद्दल बोलणी खाण्याचे भय आणि न उठविल्यास बोट गमावण्याचे भय, या दोहोंत त्याने दुसरे मोठे मानावे अशी सवय विभागाने लावावयास हवी. ज्या विभागात फोन उचलणारा वरिष्ठ रागावत नाही, तेथील निकाल चांगले असतात असा अनुभव सांगितला जातो, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही.

येथे कामाच्या तासांचा विषय टाळता येत नाही. निवासी डॉक्टराने सलग बारा तासांहून अधिक काळ सामान्यतः काम करू नये, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत म्हटले होते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांतही वाजवी कामाचे तास व विश्रांती यांचा उल्लेख आहे. तरीही छत्तीस तासांच्या पाळ्या अनेक ठिकाणी चालूच राहिल्या. जागरणाने कष्टाळूपणा येतो, असे मानणारे काही जुने शिक्षक आहेत. झोपेने जड झालेल्या डोळ्यांना निळा रंग आणि पांढरा रंग यांतील फरक उशिरा कळतो, याचा विचार त्यांनी करावयास हवा.

दुभंगलेल्या ओठाचे व टाळूचे रुग्ण या शिक्षणाची दुसरीच बाजू पुढे आणतात. साधारणतः हजार जन्मांमागे एक बालक असे जन्मते. गरोदरपणी ग्रहणात आईने काही चिरले म्हणून ओठ चिरला गेला, अशी समजूत अजूनही आढळते. तिचे पाप त्या आईच्या माथी बसते, आणि बाळाला पदराआड लपवून ठेवले जाते. वास्तविक गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चेहऱ्याचे भाग जुळावयाचे राहून गेल्याने हे व्यंग निर्माण होते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यात व टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलण्याच्या चुकीच्या सवयी जडण्याआधी करणे इष्ट. त्यानंतर वाचोपचार, कानांची तपासणी, दातांची रांग, आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हिरडीत हाड भरणे आणि चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर नाकाची दुरुस्ती. एका बालकाचे उपचार अठरा वर्षे चालतात. निवासी डॉक्टर विभागात तीन वर्षे असतो. आपण शिवलेला ओठ मोठेपणी कसा दिसला, शिवलेल्या टाळूतून शब्द कसे उमटले, हे त्याच्यापैकी बहुतेकांना कधी कळतच नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग एकच : छायाचित्रांसह जपलेल्या नोंदी, आणि नियमाने परत येणारा रुग्ण. रुग्ण परत यावा यासाठी गावचा शिक्षक मोठी मदत करू शकतो. नाकातून बोलणारे मूल वर्गात गप्प बसू लागते. मग ते मंदबुद्धी समजले जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील तपासणीत या व्यंगाचा समावेश आहे. शिक्षकाने पथकापुढे ते मूल उभे केले, आणि पुढच्या तारखेला त्याला पाठविण्याची आठवण पालकांना दिली, तर रुग्णालयातील कोऱ्या राहिलेल्या नोंदवहीत एक ओळ भरली जाते. तीवरून पुढचा निवासी डॉक्टर शिकतो.

शिक्षण मोठ्या शहरांत आणि जखमा दूरच्या गावांत, हे या विद्याशाखेचे जुने दुखणे आहे. एम.सीएच.च्या जागा असलेली महाविद्यालये मुंबई-नागपुरासारख्या शहरांत आहेत. पदवीनंतर खाजगी सौंदर्यशस्त्रक्रियेचे आकर्षण वाटणे मानवी आहे. साडेअकरा वर्षे विद्यार्थी राहिलेल्याने संसाराचा विचार करावा यात गैर काय? प्रश्न एवढाच की, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला बोलावावयाचे तर तेथे कातडी काढण्याचे यंत्र, भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांची सोय असावी लागते. त्यांच्यावाचून त्याला नुसते नेमले तर तो दाखल्यांवर सह्या करीत बसतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान केलेली कातडी तेथे ग्लिसरीनमध्ये जतन करून मोठ्या प्रमाणात भाजलेल्यांसाठी वापरता येते. त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही. तरी अशी सोय आपल्या परिसरात आहे की नाही हे बहुतेक गावांना माहीत नसते.

शहराबाहेर पाहण्याची गरज डॉ. अंतिया यांना फार लवकर पटली होती. १९७० च्या दशकात त्यांनी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील मांडवा परिसरात, फारसे शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे काम केले. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्थाही स्थापन केली. प्लॅस्टिक शल्यविशारदाने खेड्यातील आरोग्यसेविकेकडे वळावे, हे त्या वेळी अनेक सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटले असेल. दाहकक्षात काही वर्षे काढलेल्या माणसाला मात्र त्यात चमत्कारिक काही दिसणार नाही.

अलीकडे एक चांगला बदल झाला आहे. २०२० च्या नियमदुरुस्तीने एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक झाले. पुढे प्लॅस्टिक सर्जरीकडे जाणारा तरुण सामान्य शल्यचिकित्सा शिकत असतानाच जिल्ह्यास जातो, आणि जखम तिच्या पहिल्या तासात कशी असते ते पाहतो. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई किंवा हळद फासलेला हात तो तेथे पाहतो. त्याऐवजी वीस मिनिटे साधे वाहते गार पाणी सोडले असते, बर्फ लावला नसता आणि स्वच्छ कापडात गुंडाळून आणले असते, तर पुढचे किती टळले असते, याचा अंदाज त्याला तेथेच येतो. ज्या जिल्हा रुग्णालयांनी या तीन महिन्यांत अशा डॉक्टरांना प्राथमिक आरोग्य केंद्रांवर व ग्रामसभांत नेले, त्यांनी त्या कालावधीचे सोने केले असे म्हणता येईल. ज्यांनी त्यांना केवळ रिकाम्या पाळ्या भरण्यासाठी वापरले, त्यांनी संधी दवडली.

सुगीच्या दिवसांत कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात जाण्याच्या घटना गावोगाव घडतात. तुटलेले बोट पुष्कळदा तेथेच पुरले जाते, नाहीतर थेट बर्फात घालून आणले जाते. थेट बर्फाने ते गोठून निकामी होते. ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवावी. असे थंड ठेवलेले बोट चोवीस तासांपर्यंतही जोडण्याजोगे राहू शकते. मनगटावरून तुटलेल्या हाताला मात्र स्नायू असल्याने तेवढा अवधी नसतो. तो थंड न ठेवल्यास सुमारे सहा तासांतच संधी जाते. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढा मजकूर मावतो. आरोग्य केंद्रातून रुग्णाबरोबर द्यावयाच्या चिठ्ठीवर नाव, वय, गाव लिहिलेले असते. त्याखाली ‘हात यंत्रात गेला : सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे’ अशी एक ओळ असली, तर मोठ्या रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर थांबताच निवासी डॉक्टर आधी ती ओळ वाचतो, मग भिंतीवरील घड्याळाकडे पाहतो, आणि शस्त्रक्रियागृहाला फोन लावतो.